मशीन जुनं चालेल, ब्लेड नवं हवं

पावसाळा ओसरला की दरवर्षी दोन-तीन जण तरी काखेत तसबीर मारून माझ्याकडे येतात. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, म्हणजे फ्रेमचंही सगळं कळत असणार, असा त्यांचा समज. तसबिरीत फेटा बांधलेले आजोबा असतात, नाही तर लग्नातले आई-वडील. तक्रार ठरलेली: "सर, फोटो काचेला चिकटलाय. सोडवून द्या ना."

मी सोडवून देत नाही, आणि तुम्हीही सोडवायला जाऊ नका. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगतो, मऊ पडतो, आणि काचेला टेकलेला असला की तिथेच बसतो. नखाने, सुरीने, वाफेने उचकटायला गेलात तर आजोबांचा चेहरा काचेवर राहतो आणि नुसता कागद हातात येतो. आधी काचेवरूनच त्याचा चांगला फोटो काढून ठेवा. वस्तू मोलाची असेल तर जाणकाराला दाखवा; मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, ते याच कामातलं.

हा घोळ झाला तो काच आणि फोटो यांच्यात जागाच न ठेवल्यामुळे. चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट असते, आतल्या कडेला पांढरी तिरकी रेघ दिसते, त्या चौकटीला माउंट म्हणतात. बहुतेकांना ती शोभेची वाटते. शोभा आहेच, पण तिचं खरं काम काच दूर ठेवण्याचं. नेहमीचा माउंटबोर्ड साधारण १.४ मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्याशा फटीने फोटो वाचतो. छापील चित्रांचंही तेच. चित्रकार रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या, आणि कित्येक घरांत थेट काचेखाली दडपल्या गेल्या. तुमच्या देवघरावर अशी एखादी असेल, तर पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

लोक माउंट लावत नाहीत याचं कारण साधं आहे. गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे तो कापायचं साधन नसतं. तो कटर आणि फूटपट्टी घेऊन हाताने खिडकी कापतो, कडा सरळसोट उभी निघते आणि कोपरे एकमेकांशी भांडल्यासारखे दिसतात. तिरका काप हवा तर माउंट कटर लागतो. म्हणजे काय, तर एक लांब फळी, तिच्यावर बिजागरीने उचलणारी धातूची सरळ पट्टी, आणि त्या पट्टीवरून सरकणारा, ४५ अंशांत ब्लेड धरणारा ठोकळा. मोटर नाही, वीज नाही. अमेरिकेचे लोगन आणि फ्लेचर, इंग्लंडचा कीनकट, ही त्यातली जाणती नावं. नवा घ्यायचा तर बाहेरून आलेला, आणि वर्षाला चार फोटो लावणाऱ्या माणसाने त्यासाठी खिसा रिकामा करावा असं मी सांगणार नाही. जुना घ्या, एवढंच सांगायला बसलोय. मात्र डोळे उघडे ठेवून घ्या.

कारण मी पहिला घेतला तो डोळे मिटून. जाहिरात पाहिली, फोटोत चकाचक दिसला, पैसे दिले, टेम्पोत टाकून घरी आणला. शाळेच्या प्रदर्शनासाठी बारा माउंट कापायला घेतले. पहिल्याची एक बाजू मधोमध पोटाशी सुटलेली. मला वाटलं हात हलला. दुसऱ्याचंही तेच. पाचव्याला कळलं की हात जागेवरच आहे, पट्टी वाकलीये. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आमच्याकडे होती तोवर नीट होती, काका." कदाचित खरंही असेल. टेम्पोत ती भिंतीला टेकवून उभी कुणी ठेवली होती? मीच.

वाकलेली पट्टी सरळ होत नाही. ठोकून तर मुळीच नाही. तिची मी आता हिरवळीच्या कडेला पट्टी म्हणून नेमणूक केली आहे.

दुसरा कटर मिळाला तो बंद होत असलेल्या एका फोटो स्टुडिओत. लग्नाचे अल्बम छापून यायला लागले, मोबाइलमुळे पासपोर्ट फोटोसुद्धा कमी झाले, मुलाने वेगळा धंदा धरला. मालक म्हणाले, "न्या सर, इथे नुसता धूळ खातोय." त्या दिवशी मी पिशवीत चार वस्तू घेऊन गेलो होतो, त्याच तुम्हीही न्या. स्टीलची फूटपट्टी, सुताराचा गुण्या, माउंटबोर्डचे दोन-तीन तुकडे आणि त्या मॉडेलची नवी ब्लेडं. विकणारा म्हणेल, "आत आहे ना ब्लेड." असू द्या. जुन्या ब्लेडने नवं मशीनसुद्धा फाडाफाड करतं, मग दोष कुणाचा ते कसं ठरवणार?

आधी पट्टी. एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तशी टोकाकडून बघा. मग बोर्डाच्या तुकड्यावर तिच्या कडेने बारीक पेन्सिलची लांब रेघ ओढा. तुकडा जमिनीवरच अर्धा फिरवा, डावं टोक उजवीकडे जाईल असा, आणि रेघेची दोन्ही टोकं पुन्हा त्याच कडेला लावा. मधे फट दिसली, किंवा मधे टेकून टोकं सुटली, तर पट्टीला बाक आहे. फट दिसते ती खऱ्या बाकाच्या दुप्पट, त्यामुळे नजरेतून सुटत नाही. हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे आणि यात नापास झालेलं मशीन फुकटसुद्धा घेऊ नये.

मग ठोकळा. पट्टीवर बसवून आडवा हलवून पाहा. सरकायला सैल असावा, पण डावी-उजवीकडे डुलता कामा नये. डुलत असेल तर स्क्रू आवळून बघायला सांगा. बऱ्याच मॉडेलांत हा सैलपणा काढायची सोय असते. आवळूनही डुलला तर झिजलाय. ब्लेड आवळायच्या स्क्रूचे आटे गेलेत का तेही बघा, कारण बारीकसा का होईना, ब्लेड आत हलतंय म्हटल्यावर बाकी सगळं व्यर्थ.

आता खिडकी कापा. वहीच्या पानाएवढी पुरे. तिचे कोपरे नीट बघा, आणि इथे थोडी अक्कल वापरावी लागते. चारही कोपऱ्यांत काप सारखाच पुढे गेलेला असेल, समजा प्रत्येक ठिकाणी दीड मिलिमीटर, तर घाबरू नका. ती ब्लेडची खोली किंवा काप थांबवणाऱ्या अडसराची जागा आहे, पाच मिनिटांत दुरुस्त होते. चारही कोपऱ्यांत काप सारखाच अपुरा राहिला तरी तेच. पण एक कोपरा पुढे, एक मागे, तिसरा बरोबर, आणि पुन्हा कापलं की क्रम बदललेला, असं झालं तर ते मशीन आजारी आहे. मग खिडकीचे दोन्ही कर्ण मोजा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर काटकोन हललाय. गुण्या लावून बघा, काटकोनाची आडवी पट्टी बहुधा दोन स्क्रूंवर असते, सैल करून परत बसवता येते. ते विकणाऱ्याच्याच घरी करून बघा. घरी नेऊन करू म्हणालात की झालं.

फळीचं फारसं मनावर घेऊ नका. वरून खरवडलेली, एका रेघेत चर पडलेली फळी म्हणजे आधीच्या मालकाने बोर्डाखाली रद्दी बोर्डाची पट्टी न घालता काम केलं, इतकाच अर्थ. चर झाकता येतो. पाणी पिऊन फुगलेली एमडीएफची फळी मात्र नको. कोकणात, मुंबईत, जिथे भिंतीला पावसाळाभर ओल येते तिथलं मशीन असेल तर फळीच्या कडांवरून हात फिरवा. कडा पापुद्र्यासारख्या सुटल्या असतील तर ती सपाट राहिलेली नसते.

पैसे देण्याआधी आणखी एक काम करा. मॉडेलचं नाव आणि नंबर लिहून घ्या, आणि त्याची ब्लेडं आज विकत मिळतात का ते बघा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांना वेगवेगळ्या नंबरची ब्लेडं लागतात. भलतंच ब्लेड कधी कधी खाचेत बसतंही, पण जाडीत किंवा टोकाच्या कोनात फरक असला की काप वाकडा येतो. ब्लेड मिळत नसेल तर कटर कितीही देखणा असो, तो शोभेचा.

लांबीचा मोह धरू नका. दुकानदाराचे ६० इंची कटर स्वस्तात निघतात, कारण ते ठेवायचे कुठे हाच प्रश्न असतो. आपल्या दोन खोल्यांच्या घरात ३२ इंची पुष्कळ झाला. चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्यांना हाफ इम्पिरियल कागद माहीत असेल, १५ बाय २२ इंच. त्याला अडीच-तीन इंचांची चौकट धरली तरी ३२ इंचांत बसतो. ठेवताना दिवाणाखाली आडवा ठेवा. उभा टेकवून ठेवल्याचं फळ मी सांगितलंच. आणि दुकानांत संगणकावर चालणारे कटर असतात, स्वित्झर्लंडचे गुनार, इटलीचे वालियानी वगैरे, त्यातला एखादा जुना कुणी गळ्यात मारायला आला तर हात जोडा. त्याचं सॉफ्टवेअर, त्याचा कंट्रोलर, त्याला लागणारा जुनापुराणा कॉम्प्युटर हे सगळं सांभाळायची आपली ताकद नाही.

हाताने ओढायचे, फूटपट्टीच्या कडेने चालवायचे छोटे कटरही मिळतात. ते वाईट नाहीत. पण सरळ पट्टी आणि स्थिर हात दोन्ही तुमचं असावं लागतं, आणि शिकायला बोर्ड बराच खर्ची पडतो. चार माउंट कापायचे तर घ्या, चाळीस कापायचे तर नको.

मशीन घरी आलं. इथून पुढे काटकसर बंद. मशीनमध्ये वाचवलेल्या पैशातले थोडे ब्लेडांवर आणि थोडे बोर्डावर घाला, यावर मी अडून बसणार आहे. आपल्याकडे दाढीचं ब्लेडसुद्धा काचेच्या पेल्यात घासून पुन्हा वापरायची रीत होती, त्यामुळे "अजून कापतंय की" म्हणून लोक तेच ब्लेड महिनोन्‌महिने चालवतात. बोथट ब्लेड पुठ्ठा कापत नाही, ढकलतं. कडेला सूत निघतं, आणि कोपऱ्यात काप आकड्यासारखा वळतो, कारण जोर लावल्यावर ब्लेडच वाकतं. मी तीन-चार माउंटांनंतर ब्लेड फिरवतो किंवा बदलतो. काढलेली ब्लेडं गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत टाका, बाटली भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा. कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका. तो कचरा पुढे कुणाच्या तरी उघड्या हातांनी वेगळा केला जातो.

ब्लेड किती बाहेर काढायचं? १.४ मिलिमीटर जाडीचा बोर्ड तिरका कापताना ब्लेडला साधारण २ मिलिमीटर जावं लागतं, ४५ अंशांचा तो हिशेब आहे. त्यापुढे फक्त खालच्या रद्दी पट्टीवर ओरखडा उठेल इतकंच. खालची पट्टी अर्धी कापली जात असेल तर ब्लेड जास्त बाहेर आहे. नव्या माणसाचे निम्मे दोष इथेच असतात आणि तो शिव्या मात्र मशीनला घालतो.

हिशेबाचं एक उदाहरण देतो. पोरांचं नेहमीचं चित्र क्वार्टर इम्पिरियल असतं, ११ बाय १५ इंच, म्हणजे सुमारे २७९ बाय ३८१ मिलिमीटर. चित्राची कड खिडकीखाली ३ मिलिमीटर दाबली जायला हवी, चारही बाजूंनी. म्हणून खिडकी २७३ बाय ३७५. उभं चित्र असेल तर वर आणि दोन्ही बाजूंना ६५ मिलिमीटरची चौकट, खाली ७५. खाली थोडी जास्त ठेवायची, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. बाहेरचं माप झालं ४०३ बाय ५१५. मोजमाप इंचांत करू नका, मिलिमीटरमध्ये करा. इंचाच्या अपूर्णांकात चूक लपून बसते. रेघा बोर्डाच्या मागच्या बाजूला ओढायच्या आणि मागूनच कापायचं, म्हणजे पांढरा उतार पुढे येतो. बोर्ड उलट्या बाजूने घातलात तर उतार मागे जाईल आणि पुढे काहीच दिसणार नाही. हे एकदा सगळ्यांचं होतं, माझं तर निवृत्तीनंतरही एकदा झालं. आतून पडलेला तुकडा टाकू नका. त्यातून पोस्टकार्डाच्या मापाच्या फोटोंचे दोन माउंट निघतात.

बोर्डाबद्दल. स्टेशनरीच्या दुकानात साधा रंगीत माउंटबोर्ड मिळतो. प्रदर्शन आठवड्याचं असेल तर तो ठीक. पण आजोबांच्या फोटोला ॲसिड-फ्री लिहिलेलाच घ्या, आणि मागचा पुठ्ठाही तसाच. साध्या बोर्डातला लाकडाचा लगदा काही वर्षांनी आंबट होतो, पांढरा उतार पिवळा पडतो आणि खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी पट्टा उमटतो. जुन्या तसबिरीतून चित्र बाहेर काढलंत की हा पट्टा दिसेल. तो जात नाही.

आणि चित्र माउंटला चिकटवायचं कसं, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. सेलोटेप नको, काही वर्षांत त्याचा डिंक चित्रात उतरतो. फेव्हिकॉल सगळीकडे फासणं म्हणजे तर कायमचा बंदोबस्त. पातळ पण चिवट हातकागदाच्या दोन छोट्या पट्ट्या घ्या आणि चित्र फक्त वरच्या बाजूने त्यांवर टांगा. खालची बाजू मोकळी राहू द्या, कारण कागद हवेनुसार फुगतो आणि आक्रसतो. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. संग्रहालयांत कागद जपणारे लोक जगभर हीच वापरतात. कुरडयांसाठी आई गहू भिजवून चीक काढायची, हे त्याच जातीतलं. फक्त कुरडईचा आंबलेला चीक वापरू नका, ताज्या स्वच्छ स्टार्चची शिजवून गार केलेली खळ घ्या. आमच्या घरी हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे माहेरून कुरडया आणते त्या आता तसबिरीत घालणार का?"

मी फ्रेमवाल्याच्या पोटावर पाय आणतोय असं कुणाला वाटेल. उलट आहे. पट्टी कापणं, कोपरे जुळवणं, काच बसवणं हे त्याचंच काम, ते घरी करायला जाऊ नका. घरी फक्त माउंट कापा आणि चित्र बसवून त्याच्याकडे न्या. आमच्या फ्रेमवाल्याला आधी हसू आलं. आता त्याच्याकडे माउंट हवा असलेलं गिऱ्हाईक आलं की तो मला फोन करतो, "काका, दोन कापून देता का?" मी देतो. ब्लेडचे पैसे घेतो, बाकी चहावर.

चित्रकलेच्या मास्तरांना एक वेगळं सांगणं. प्रत्येक शाळेने कटर घ्यायची गरज नाही. तीन-चार शाळांनी मिळून एक जुना घ्या आणि प्रदर्शनांच्या तारखा पुढेमागे करा. मुलाचं चित्र एकदा नीट माउंटमध्ये बसलं की ते घरी भिंतीवर लागतं. नुसता कागद दिला तर तो गुंडाळी होऊन कपाटावर जातो, हे मी चाळीसएक वर्षं पाहिलं आहे.

आता ज्यांच्याकडे कटर पडून आहे त्यांच्यासाठी. बंद झालेले फोटो स्टुडिओ, धंदा सोडलेले फ्रेमवाले, फोटोग्राफीचं वेड येऊन गेलेले गृहस्थ, परदेशातून हौसेने आणून दोनदा वापरून माळ्यावर टाकणारे. भंगारवाला त्याची पट्टी ॲल्युमिनियमच्या भावात किलोवर घेईल आणि फळी जाळायला देईल. त्याच्या हाती देण्याआधी जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाला एक फोन करा. विकायचाच असेल तर रास्त किमतीला विका, काही हरकत नाही. पण देताना मॉडेलचा नंबर फळीच्या मागे मार्करने लिहा, ब्लेडचं उरलेलं पाकीट बरोबर द्या, आणि स्क्रू फिरवायची ती छोटी ॲलन की सुतळीने मशीनलाच बांधून ठेवा. ती सापडत नाही म्हणून स्टुडिओवाल्यांच्या दुकानात त्या दिवशी आम्ही दोघांनी तासभर ड्रॉवर उपसले होते, आणि शेवटी ती निघाली काउंटरवरच्या गणपतीच्या मागे.